एचआयव्हीसह जगणाऱ्यांवरील सामाजिक कलंक : स्वरूप, इतिहास आणि आपले कर्तव्य

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपणा सर्वांच्या परिचयाच्या सीपीआरमध्ये, एचआयव्हीवरील उपचारांचे केंद्र आहे. या केंद्राला एआरटी केंद्र म्हणतात. तेथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात. अशी केंद्रे राज्यातील इतर जिल्ह्यांतही आहेत. तरीही कित्येक रुग्ण घराजवळचे केंद्र टाळून दूरच्या केंद्रात नाव नोंदवितात, असा सर्वत्र अनुभव आहे. एस.टी.चे भाडे, बुडालेला रोजगार आणि प्रवासाचा शीण हे सारे ते सोसतात. त्यांना आजारापेक्षा रांगेत ओळखीचे कोणी भेटेल याची धास्ती अधिक असते.

ही धास्ती निराधार नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला शरीरातील विषाणू आणि समाजाची नजर अशा दोन गोष्टींना तोंड द्यावे लागते. गेल्या चार दशकांत वैद्यकशास्त्राने विषाणूवर बऱ्याच अंशी ताबा मिळविला आहे. समाजाची नजर सुधारण्याचे काम औषधाने होणारे नाही, ते तुम्हाआम्हांलाच करावे लागेल. या कलंकाचे स्वरूप काय, तो कोठून आला, त्याने आपल्या भागात काय घडविले, कायदा काय सांगतो आणि धर्मग्राम म्हणून आपण काय करू शकतो, याची माहिती प्रस्तुत लेखात एकत्र देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. या लेखात आम्ही एकाही भाविकाची कथा दिलेली नाही. ज्यांची नावे येथे आली आहेत त्यांचे जीवन आणि कार्य सार्वजनिक आहे. बाकीच्यांची गोष्ट सांगण्याचा अधिकार फक्त त्यांचा स्वतःचा आहे.

कलंक म्हणजे काय?

कलंक म्हणजे डाग. प्राचीन ग्रीसमध्ये गुलाम आणि गुन्हेगार ओळखता यावेत म्हणून त्यांच्या शरीरावर चटका देऊन किंवा कापून खूण केली जात असे. इंग्रजीत कलंकासाठी वापरला जाणारा शब्द त्या खुणेवरूनच आला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये याच विषयावर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. समाज माणसाच्या एकाच गोष्टीवर बोट ठेवतो आणि त्याचे बाकीचे सारे व्यक्तित्व पुसून टाकतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. काल जो शिक्षक, भाऊ, शेजारी, गायक होता तो आज केवळ ‘तो आजारवाला’ होतो.

अभ्यासक कलंकाची तीन रूपे सांगतात. पहिले रूप मनातील पूर्वग्रहाचे. दुसरे प्रत्यक्ष भेदभावाचे, म्हणजे वेगळे ताट, नाकारलेली नोकरी, रिकामी करून घेतलेली खोली. तिसरे रूप सर्वांत खोल जाते. माणूस समाजाचा निवाडा स्वतःच स्वतःला लावून घेतो, आपण याच लायकीचे आहोत असे मानू लागतो, आणि मग दवाखाना, नातेवाईक व प्रार्थनामंदिर या तिन्हींपासून दूर राहतो.

रोगाविषयीची खरी माहिती

अमेरिकेत १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. त्याला कारणीभूत असलेला विषाणू १९८३ मध्ये सापडला. भारतात १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. निर्मला सेल्लप्पन यांच्या तपासणीत प्रथमच एचआयव्हीचा संसर्ग आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. पुढे उच्च प्रादुर्भावाची म्हणून जी सहा राज्ये गणली गेली त्यांत महाराष्ट्र होता. आज देशात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे.

एचआयव्ही आणि एड्स हे एकच नव्हेत. एचआयव्ही हा विषाणू आहे. तो रोगप्रतिकारक शक्तीच्या सीडी-४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. उपचार न घेतल्यास अनेक वर्षांनी ही शक्ती इतकी खालावते की क्षयासारखे आजार शरीराचा ताबा घेतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेवर उपचार घेणाऱ्या व्यक्तीला एड्स होण्याचे कारण उरत नाही.

विषाणू पसरण्याचे मार्ग मोजकेच आहेत : असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि गर्भारपण, प्रसूती किंवा स्तनपान यांतून आईकडून बाळाला. हस्तांदोलन, आलिंगन, एकत्र जेवण, एकाच पेल्यातील पाणी, एकच शौचालय, एकच बाक, खोकला, घाम, अश्रू आणि डासाचा चावा यांतून तो पसरत नाही. आईला उपचार मिळाले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ इतकी असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ती शंभरात पाचाच्या खाली येते.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी उपचार सुरू केले. तेव्हा सीडी-४ पेशी ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच औषध मिळत असे. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला औषध देण्याचे धोरण आहे. आज बहुतेक रुग्णांना दिवसातून एक गोळी पुरते. ही गोळी नियमित घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके खाली जाते की चाचणीत तो सापडत नाही. विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही, म्हणून औषध आयुष्यभर चालू ठेवावे लागते. मात्र विषाणू असा दबलेला राहिल्यास शरीरसंबंधातूनही जोडीदाराला संसर्ग होत नाही. युरोपात हजारभर जोडप्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या, २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत उपचाराखालील जोडीदाराकडून संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

यातून एक गोष्ट ठळक होते. औषध घेणारी व्यक्ती स्वतः सुरक्षित राहते आणि इतरांनाही सुरक्षित ठेवते. कलंकामुळे माणूस चाचणी व औषध टाळतो, आणि त्यातून रोग पसरतो. ‘लोकांना दूर ठेवले म्हणजे आपण वाचू’ ही समजूत म्हणूनच निर्दय तर आहेच, शिवाय चुकीचीही आहे.

कलंकाची मुळे

आपल्या समाजात या कलंकाला तीन मुळे आहेत.

पहिले मूळ भीतीचे. प्रारंभीच्या काळात औषध नव्हते आणि जनजागृतीच्या फलकांवर कवटी व हाडांची चित्रे असत. एड्स म्हणजे मृत्यू, हा संदेश एका पिढीच्या मनावर कोरला गेला. औषध आले तरी ते चित्र पुसले गेले नाही.

दुसरे मूळ नैतिक निवाड्याचे. हा आजार झाला म्हणजे माणसाने काहीतरी वाईट केले असणार, असे गृहीत धरले जाते. पुणे-बंगळूर महामार्गावरचे वाहनचालक, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारे परप्रांतीय मजूर, ऊसतोडणीसाठी घर सोडून आलेली कुटुंबे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे समाजाने रोगाचे वाहक म्हणून बोट दाखविले. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहायला लावणारी गरिबी मात्र कोणाच्या बोटाला दिसली नाही. शेजारच्या सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने मीना सेषू यांच्या पुढाकाराने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. पुढे त्या स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही आपली स्वतःची संघटना उभी केली. ज्यांना समाज रोगाचे कारण म्हणत होता त्याच स्त्रिया आपल्या वस्तीत रोग रोखण्याचे काम करू लागल्या.

तिसरे मूळ सर्वांत जुने, विटाळाचे. ताट वेगळे, पाणी वेगळे, बसणे वेगळे, ही भाषा आपल्याला एड्सने शिकविली नाही. ती आधीपासूनच येथे होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. मग महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवीत, सर्वांदेखत तेथील चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. विटाळाची कल्पना भाषणाने हटत नाही, सर्वांसमोर घेतलेल्या एका कप चहाने हटते, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे.

डॉमनिक डिसोझा यांचा चौसष्ट दिवसांचा बंदिवास

आपल्या शेजारच्या गोव्यात घडलेली एक घटना प्रत्येक कॅथलिक कुटुंबाला ठाऊक असावी अशी आहे. डॉमनिक डिसोझा हे गोव्यातील एका कॅथलिक घरातील तरुण नियमित रक्तदान करीत. त्यांच्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. त्यांना विश्वासात घेऊन ही गोष्ट सांगण्याऐवजी १४ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हापसा येथील पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. तेथून त्यांना इस्पितळात नेण्यात आले आणि पुढे क्षयरोग्यांसाठीच्या एका वापरात नसलेल्या इमारतीत पहाऱ्यात ठेवण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा एचआयव्ही असलेल्यांना विलग ठेवण्याची तरतूद होती. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्यांनी रक्त दिले होते, एवढेच.

त्यांच्या आई ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे धाव घेतली. वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. ६४ दिवसांनंतर डॉमनिक यांची सुटका झाली. विलगीकरणाची तरतूद मात्र न्यायालयाने रद्द केली नाही. सार्वजनिक हितापुढे व्यक्तीचे स्वातंत्र्य मागे सरते, असाच त्या काळचा विचार होता.

सुटकेनंतर डॉमनिक लपून राहिले नाहीत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या हक्कांसाठी ते उघडपणे बोलत राहिले आणि १९९२ मध्ये त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट त्यांच्या जीवनावरून सुचलेला आहे.

या घटनेत डॉमनिक यांना बंदिवासात टाकले ते विषाणूने नव्हे. त्यांची माहिती त्यांच्या संमतीवाचून एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आज तशा इमारती नाहीत आणि पहारेही नाहीत. पण माहिती अजूनही तशीच फिरते, आणि त्यासाठी कायद्याची गरज लागत नाही. एखादी शेजारीण, एखादा कर्मचारी, एखादा नातेवाईक पुरेसा होतो.

नोकरी आणि नावाची गुप्तता

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या विषयात मैलाचा दगड मानला जातो. एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराला वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही आढळल्यामुळे काम नाकारण्यात आले. तो काम करण्यास शरीराने सक्षम होता. न्यायालयाने सांगितले की, जो माणूस आपले काम करू शकतो आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खरा धोका नाही, त्याला केवळ एचआयव्हीच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही.

हा खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखला जातो. एमएक्स हे कोणाचेही नाव नव्हे. खरे नाव उघड झाले तर न्याय मिळूनही जगणे अशक्य होईल, हे जाणून न्यायालयाने त्या कामगाराला टोपणनावाने दाद मागू दिली. न्याय मागायलाही ज्याला नाव लपवावे लागते, त्याची समाजात काय स्थिती असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

मुले

आईवडील गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याला सर्वांत कठोर वागणूक आली. पंढरपूर येथे मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये ‘पालवी’ या प्रकल्पाची सुरुवात केली. आईवडिलांच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी गोठ्यात ठेवलेल्या दोन लहान मुली हे त्या कार्याचे निमित्त ठरले. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी ‘सेवालय’ सुरू केले. तेथील मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊ लागली तेव्हा, २००९ मध्ये, गावकऱ्यांनी त्यांच्या प्रवेशाला विरोध केला. आपली मुले त्यांच्या शेजारी बसणार नाहीत, असे पालकांचे म्हणणे होते.

ते पालक दुष्ट नव्हते. त्यांना आपल्या मुलांची काळजी होती. पण एकाच बाकावर बसून, एकत्र खेळून, एकाच डब्यातला घास खाऊन हा विषाणू पसरत नाही, हे त्यांना कोणी विश्वास बसेल अशा रीतीने सांगितले नव्हते. अज्ञानातून आलेली काळजीसुद्धा दुसऱ्याच्या मुलाचे बालपण हिरावून घेऊ शकते. उपचारांमुळे अशी मुले आज मोठी होतात, शिकतात आणि संसार थाटतात. त्यांना आपल्या दयेची गरज नाही. वर्गात, क्रीडांगणावर आणि धर्मशिक्षणाच्या तासाला बाकावर जागा मिळाली की पुरे.

स्त्रिया

कलंकाचा भार स्त्रीवर अधिक पडतो, आणि त्याचे एक साधे कारण असे की गर्भारपणात तिची चाचणी होते. त्यामुळे अनेक घरांत सर्वांत आधी तिचे निदान होते, आणि ज्याचे निदान आधी झाले त्यानेच आजार घरात आणला असे मानले जाते. वास्तविक अनेक स्त्रियांना हा संसर्ग पतीकडून झालेला असतो. पती निवर्तल्यावर ‘नवऱ्याला खाल्ले’ हा जुना आरोप आणि नव्या आजाराचा डाग असे दुहेरी ओझे घेऊन ती उभी राहते. त्यानंतर घरातून काढणे, जमिनीच्या उताऱ्यावर नाव न लावणे आणि मुलांना तिच्यापासून तोडणे हे प्रकार घडतात.

आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे सुचविले. हेरवाडचा ठराव एचआयव्हीविषयी नव्हता. पण शतकानुशतकांचा डाग एखादे गाव स्वतः होऊन पुसू शकते, हे त्या ठरावाने दाखविले. जे ग्रामसभेला साधते ते धर्मग्रामाच्या परिषदेला साधू नये असे नाही.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संसदेने २०१७ मध्ये संमत केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यातील मुख्य तरतुदी प्रत्येकाने जाणून घ्याव्यात.

१. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, निवास, विमा, मालमत्ता आणि सार्वजनिक सुविधा यांबाबतीत एचआयव्हीच्या कारणाने भेदभाव करता येत नाही. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.

२. व्यक्तीची माहितीपूर्वक संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही. संमतीवाचून तिची एचआयव्हीविषयक माहिती उघड करता येत नाही. याला कायद्याने सांगितलेले अपवाद मोजके आहेत.

३. अठरा वर्षांखालील मुलाला आणि अठरा वर्षांखालील मुलीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क आहे. त्यांना घराबाहेर काढता येत नाही.

४. शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत वीस किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे.

५. एचआयव्हीसह जगणाऱ्यांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

६. न्यायालयीन कामकाजात संबंधित व्यक्तीची ओळख गुप्त ठेवता येते. एमएक्स यांना १९९७ मध्ये जे न्यायालयाच्या विवेकामुळे मिळाले ते आता कायद्यात आहे.

रुग्णालये, शाळा आणि वसतिगृहे चालविणाऱ्या आपल्या संस्थांनाही हा कायदा लागू आहे, याचे भान असावे.

ख्रिस्तसभेची भूमिका

आजार हा पापाचा दंड आहे काय, हा प्रश्न शिष्यांनी प्रभू येशूला विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याकडे पाहून पाप याचे की याच्या आईबापांचे, असे त्यांनी विचारले. प्रभूने ही दोन्ही उत्तरे नाकारली. मार्काच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी जवळ येतो तेव्हा प्रभू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि त्यानंतर तो शुद्ध होतो. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बेल्जियमचे संत डेमियन १८७३ मध्ये मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांत राहण्यास गेले आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने निवर्तले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संतपद बहाल झाले. जगभर एचआयव्हीसह जगणारे अनेक भाविक त्यांची मध्यस्थी मागतात. मदर तेरेसा यांनी १९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला न्यूयॉर्क येथे एड्सच्या रुग्णांसाठी आश्रयगृह उघडले. त्या काळी अशा रुग्णांना जवळ करण्यास इस्पितळेही कचरत असत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी सप्टेंबर १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एड्स झालेल्या एका बालकाला सर्वांदेखत कवेत घेतले. भारतातील बिशपांच्या परिषदेने २००५ मध्ये एचआयव्ही व एड्सविषयी आपले धोरण प्रसिद्ध केले. करुणा आणि शुश्रूषा यांची बांधिलकी हा त्याचा गाभा आहे.

कोणी म्हणेल, म्हणजे ख्रिस्तसभेची नीतीविषयक शिकवण बाजूला ठेवायची काय? तसे नाही. ती शिकवण कायम आहे आणि ती आपणा प्रत्येकाला स्वतःचे जीवन तपासण्यासाठी दिली आहे. शेजाऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद वाचून त्याचे जीवन तपासण्यासाठी ती दिलेली नाही.

धर्मग्रामात काय करता येईल?

गुप्तता पाळावी. हे पहिले आणि सर्वांत मोठे काम आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले धर्मगुरू प्राण गेला तरी सांगत नाही, हे प्रत्येक भाविक जाणतो आणि म्हणूनच तो मन मोकळे करतो. आजाराविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्ट संस्काराच्या मुद्रेखाली येत नसली, तरी ऐकणाऱ्याने ती तितक्याच कसोशीने जपावी. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आजाराचे नाव घेऊ नये. मदतनिधीच्या वहीत ‘वैद्यकीय साहाय्य’ एवढीच नोंद पुरते. ‘तुझ्याशिवाय कोणाला सांगत नाही’ अशी सुरुवात झालेली प्रार्थनेची विनंती तेथेच थांबवावी.

शब्द जपून वापरावेत. ‘एड्सग्रस्त’ ऐवजी ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ म्हणावे. मुलांना ‘निष्पाप बळी’ म्हणणे सहानुभूतीचे वाटते, पण त्यातून बाकीचे सारे अपराधी ठरतात. संसर्ग कसा झाला, हा प्रश्न डॉक्टरांसाठी आहे. भेटायला गेलेल्याने तो विचारू नये.

एकत्र बसावे, एकत्र जेवावे. मिस्साबलिदानात शांतीची खूण देताना हात मागे घेऊ नये. लग्नाच्या आणि सणाच्या पंगतीत त्याच ताटांतून वाढावे. घरी बोलावून चहा द्यावा आणि त्यांच्या घरचा चहा घ्यावा.

औषध थांबवू देऊ नये. प्रार्थनेने मनाला बळ मिळते, पण आरोग्यप्रार्थनेच्या मेळाव्यातून परतल्यावर गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. औषधात खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि तेच औषध पुढे निष्प्रभ होऊ शकते. देवाची कृपा डॉक्टरांच्या हातून आणि औषधातूनही येते, हे अशा मेळाव्यात व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

विवाहाच्या बाबतीत सत्य असावे. ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत विवाहाला बाध आणणाऱ्या गोष्टींत एचआयव्हीचा समावेश नाही. मात्र सहजीवनावर गंभीर परिणाम करणारी गोष्ट फसवणुकीने लपवून संमती मिळविली, तर विवाहाच्या वैधतेवरच प्रश्न येऊ शकतो. म्हणून ही गोष्ट होणाऱ्या जोडीदाराला ठाऊक असायलाच हवी. गावाला ती ठाऊक असण्याची काहीच गरज नाही. गुप्तता आणि फसवणूक यांतील हा भेद विवाहपूर्व शिबिरांत नीट समजावून द्यावा.

अंत्यविधी सर्वांसारखा व्हावा. पार्थिव घरी आणण्यास, कुटुंबीयांनी निरोपाचा स्पर्श करण्यास, चर्चमध्ये मिस्सा अर्पण करण्यास आणि त्याच दफनभूमीत जागा देण्यास कोणतीही वैद्यकीय हरकत नाही. पार्थिवाला स्नान घालणाऱ्यांनी हातमोजे घालून नेहमीची काळजी घेतली म्हणजे पुरे.

माहिती हवी असेल त्यांनी १०९७ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांकावर विचारावे. तेथे नाव सांगावे लागत नाही. शासकीय रुग्णालयांतील चाचणी केंद्रांत समुपदेशक असतात आणि चाचणी मोफत होते.

दरवर्षी १ डिसेंबर रोजी जागतिक एड्स दिन पाळला जातो. त्या दिवशी लाल फीत लावणे सोपे आहे. पुढच्या ३६४ दिवसांत कोणाचे नाव आपल्या तोंडून बाहेर न पडू देणे अवघड आहे, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या आपल्या बंधुभगिनींची आपल्याकडून खरी अपेक्षा तेवढीच आहे. ती पुरी झाली तर त्यांना औषधासाठी दूरच्या जिल्ह्याची एस.टी. पकडावी लागणार नाही. प्रभू आपणा सर्वांना मौन आणि माया या दोहोंचे बळ देवो, हीच प्रार्थना.